नव्या हार्ड डिस्कवर विंडोज एक्सपी बसवताना

माझा फिल्म स्कॅनर ज्या डेस्कटॉपवर चालतो त्याची हार्ड डिस्क फेब्रुवारीच्या सुरुवातीला आवाज करायला लागली. संगणक सुरू व्हायला वेळ लागायचा, मध्येच सगळं गोठायचं आणि आतून ठराविक वेळाने टक टक ऐकू यायची. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदी उघडल्या तर रीअलोकेटेड सेक्टरचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा, हे खराब म्हणून बदललेले) आकडा आधीच्यापेक्षा वाढलेला, पेंडिंग म्हणजे संशयित सेक्टरही होते. म्हणजे डिस्क जाणार हे नक्की. त्याच संध्याकाळी कामाच्या सगळ्या फाइल्स बाहेर काढून घेतल्या आणि एक टेराबाइटची नवी डिस्क मागवली.

या संगणकावर विंडोज एक्सपीच का, हे आधी सांगते. स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिटांच्या एक्सपीपाशी थांबलेला आहे, त्याच्या पुढचा कधी आलाच नाही. स्कॅनर जोडलेला आहे स्कझी या जुन्या जोडणीच्या कार्डाला आणि ते कार्ड बसतं बोर्डावरच्या पीसीआय स्लॉटमध्ये. त्यामुळे नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) करून एक्सपी चालवायचा सोपा मार्ग मला बंद होता, कारण कार्ड थेट त्या मशीनच्या हवाली करता यावं लागतं आणि माझ्याकडच्या बोर्डांना ते जमत नाही. घरातल्या जुन्या निगेटिव्हचे डबेच्या डबे अजून स्कॅन व्हायचे आहेत. फिल्मचे रंग वर्षागणिक उतरत जातात, म्हणून हे काम पुढे ढकलायची माझी तयारी नव्हती. त्याच वयाची वापरलेली डिस्क शोधून बसवावी असाही सल्ला मिळाला होता. पण तीही तितकीच थकलेली असणार, मग पुन्हा हेच दिवस.

डिस्क येईपर्यंतचे दिवस वाचण्यात गेले, आणि ते वाचन फार उपयोगी पडलं. एक्सपी बाजारात आलं २५ ऑक्टोबर २००१ रोजी. त्या वेळच्या डिस्क कशा होत्या हे लक्षात ठेवलं की पुढची प्रत्येक अडचण कुठून येते ते कळतं. एकूण तीन ठिकाणी गाडी अडू शकते: डिस्कचा आकार, सेक्टरचा आकार आणि डिस्कशी बोलणारा कंट्रोलर. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. घाईत सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने जमलं किंवा कशाने बिघडलं ते समजत नाही. मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं आणि प्रत्येक पायरी वहीत लिहीत गेले.

आकाराचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. मूळ एक्सपी सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहितं, त्यामुळे त्याची धाव १३७ जीबीपर्यंतच. २००२ मधल्या सर्व्हिस पॅक १ या सुधारणांच्या संचापासून ४८ बिटांचे पत्ते आले. तुमची सीडी अगदी पहिल्या आवृत्तीची असेल तर सेटअपच्या पडद्यावर एक टेराबाइटची डिस्क सुमारे १,३१,००० एमबीची दिसते. तेव्हा डिस्क खराब निघाली असं समजू नका, सीडी जुनी आहे इतकंच. दुसरी मर्यादा वरच्या बाजूला आहे. ३२ बिटांचं एक्सपी जीपीटी या नव्या पद्धतीने भाग पाडलेली डिस्क वाचत नाही, त्याला एमबीआर ही जुनी पद्धतच लागते आणि एमबीआरची हद्द सुमारे २.२ टीबी. म्हणून डिस्क घेताना दोन टीबीच्या वर जाऊ नका. बायोस म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम; त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयमधूनही हे एक्सपी सुरू होत नाही. बोर्ड त्यामानाने नवा असेल तर त्यात जुन्या बायोससारखं वागायची सोय, म्हणजे सीएसएम, आहे की नाही ते डिस्क घेण्याआधी बघा.

सेक्टरच्या बाबतीत मात्र मी बराच वेळ घालवला, कारण इथे चूक झाली तरी सगळं चालतं, फक्त हळू चालतं, आणि का ते कळत नाही.

पूर्वी डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटांचा असायचा. २०११ च्या आसपास उत्पादकांनी नव्या डिस्क ४,०९६ बाइटांच्या सेक्टरवर नेल्या. त्याला ॲडव्हान्स्ड फॉरमॅट म्हणतात. जुन्या सिस्टिमना त्रास होऊ नये म्हणून बहुतेक डिस्क बाहेरच्या जगाला सेक्टर ५१२ बाइटांचाच सांगतात, आत मात्र आठ-आठचे गट करून लिहितात. डिस्कच्या वर्णनात याला ५१२ई म्हटलेलं असतं. ४केएन नावाचा दुसरा प्रकार बाहेरही ४,०९६च सांगतो. तो एक्सपीला अजिबात चालत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळी हा शब्द दिसला तर ती डिस्क घेऊ नका.

एक्सपीचं सेटअप पहिलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, सेक्टर ६३ पासून सुरू करतं. पूर्वी एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरायचे आणि पहिला ट्रॅक एमबीआरसाठी सोडायचे, त्यातून आलेला हा आकडा. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. याला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. पार्टिशनची सुरुवात आठव्या मोठ्या सेक्टरच्या शेवटच्या ५१२ बाइटांत येते. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीतला ४,०९६ बाइटांचा प्रत्येक क्लस्टर (साठवणीचा एक गठ्ठा) मग दोन सेक्टरांत विभागला जातो, ५१२ बाइट एकात आणि उरलेले ३,५८४ पुढच्यात. वहीतली एकच ओळ दोन पानांवर अर्धी-अर्धी लिहावी तसं. असा एखादा सुटा क्लस्टर लिहायचा तर डिस्कला दोन्ही सेक्टर आधी वाचावे लागतात, बदलावे लागतात आणि तबकडी फिरून पुन्हा जागेवर आल्यावर परत लिहावे लागतात. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण विंडोज दिवसभर असंख्य बारीक बारीक फाइल्स लिहीत असतं.

यावरचा इलाज एकच आणि तो सोपा आहे: पार्टिशन एक्सपीला करू देऊ नका, बाहेरून करून द्या. व्हिस्टापासून पुढचं विंडोज सेक्टर २०४८ पासून, म्हणजे बरोबर एक एमबीवर सुरुवात करतं. २०४८ ला आठने भाग जातो, प्रश्न मिटला.

डिस्क महिन्याच्या मध्याला हातात आली. लेबलवर एएफ असा छोटा शिक्का होता. तरी लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (न बसवता थेट चालणारी सिस्टिम) स्मार्टसीटीएल ही डिस्कची माहिती दाखवणारी आज्ञा चालवून खात्री केली: लॉजिकल ५१२, फिजिकल ४,०९६. मग जीपार्टेड या पार्टिशन करायच्या साधनात एमएसडॉस प्रकारचं टेबल केलं. जीपार्टेड एमबीआरला याच नावाने दाखवतं, गोंधळू नका. 'अलाइन टू'समोर एमआयबी निवडून १०० जीबीचं पहिलं प्रायमरी पार्टिशन केलं, एनटीएफएस, त्यावर बूट फ्लॅग. उरलेल्या जागेचंही तिथेच दुसरं प्रायमरी पार्टिशन करून टाकलं. ते नंतर एक्सपीतून करता आलं असतं, पण एक्सपीचं डिस्क मॅनेजमेंट जुन्याच हिशेबाने चालतं. एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत नव्या पद्धतीने केलेली लॉजिकल पार्टिशन असतील आणि एक्सपीतून तिथे काही बदल केला, तर ती गायब झाल्याच्या तक्रारी मायक्रोसॉफ्टनेही नोंदवलेल्या आहेत. चारपेक्षा जास्त पार्टिशन लागणार नसतील तर सगळी प्रायमरीच ठेवा.

आता कंट्रोलर. बहुतेक जण इथेच अडकतात आणि निळा पडदा बघून हात टेकतात.

साटा जोडणीच्या डिस्कशी बोलायची एएचसीआय ही पद्धत २००४ मध्ये ठरली. २००१ च्या सिस्टिमला ती माहीत असायचं कारणच नाही, आणि सर्व्हिस पॅक ३ घातलेल्या सीडीतही तिचा ड्रायव्हर नाही. तुमच्या बायोसमध्ये साटा मोड आयडीई, लेगसी किंवा कम्पॅटिबल करायची सोय असेल तर सरळ ती वापरा. एनसीक्यू (डिस्कने कामांचा क्रम स्वतः लावायची सोय) आणि चालू संगणकात डिस्क जोडण्या-काढण्याची सोय जाते, पण एका माणसाच्या कामात त्याने फारसा फरक पडत नाही. मी त्याला कमीपणा मानत नाही, स्वस्थ झोप लागते. फक्त एकदा आयडीईमध्ये एक्सपी बसवलं की नंतर बायोसमध्ये नुसतं एएचसीआय करू नका. ड्रायव्हर आधी आत गेलेला नसेल तर संगणक सुरू होत नाही.

माझ्या संगणकाच्या बायोसमध्ये दोनच पर्याय होते, एएचसीआय आणि रेड (अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत). आयडीई नाहीच. म्हणून ड्रायव्हर घालणं भाग होतं. तो नसताना नेमकं काय दिसतं ते माहीत असावं म्हणून आधी नुसत्या सीडीने सुरू करून पाहिलं. 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' ही ओळ आली आणि लगेच निळा पडदा, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी. काही संगणकांवर निळ्या पडद्याऐवजी हार्ड डिस्क सापडली नाही असा शांतपणे दिलेला निरोप येतो. दोन्हींचा अर्थ एकच, विंडोजला डिस्कपर्यंत पोहोचता येत नाही. डिस्क, केबल, रॅम यांच्यामागे लागायची गरज नाही.

सेटअपच्या सुरुवातीला खालच्या पट्टीवर एफ६ दाबायची सूचना येते, ती याच कामासाठी. पण तिथे ड्रायव्हर फ्लॉपीवरूनच घेतला जातो, तोही ए ड्राइव्हमधून. माझ्या बोर्डावर फ्लॉपीची जागाच नाही. यूएसबी फ्लॉपी काही मोजक्या मॉडेलची चालते, पण त्यावर विसंबून राहावंसं वाटलं नाही. मग ड्रायव्हर सीडीतच मिसळायचा मार्ग धरला.

त्याआधी कंट्रोलर नेमका कोणता ते हवं. लाइव्ह सीडीवरून एलएसपीसीआय ही संगणकातल्या यंत्रांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली, तर साटाच्या ओळीत ८०८६:२९२२ दिसलं. ८०८६ म्हणजे इंटेल, २९२२ म्हणजे आयसीएच९ घराण्यातला एएचसीआय कंट्रोलर. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, सगळी मदार त्याच्यावर आहे. ड्रायव्हरच्या फोल्डरमधली आयएनएफ, म्हणजे तो ड्रायव्हर कोणत्या यंत्रांसाठी आहे ते सांगणारी, फाइल नोटपॅडमध्ये उघडून हाच आकडा शोधायचा आणि त्याच्यासमोरचं नाव जसंच्या तसं टिपून घ्यायचं. एकाच ड्रायव्हरमध्ये अशी बरीच नावं असतात, एखाद्या अक्षराच्या फरकाची. लॅपटॉपच्या चिपला शेवटी एम लागतो, बाकी सगळं सारखं. शिवाय बायोसमध्ये रेड निवडलं की तोच कंट्रोलर वेगळा आकडा सांगतो. म्हणून जो मोड पुढे वापरणार तोच आधी लावा आणि मग आकडा बघा.

सीडी तयार करायला एनलाइट हे विंडोजची सीडी बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरलं. मूळ सीडी एका फोल्डरमध्ये उतरवली, त्यात सर्व्हिस पॅक ३ मिसळला आणि मग ड्रायव्हर. ड्रायव्हर घालताना तो साधा की टेक्स्टमोड असं विचारलं जातं. टेक्स्टमोडच हवा, कारण सेटअपच्या सुरुवातीच्या अक्षरी टप्प्यातच डिस्क दिसली पाहिजे. यादीतून टिपून ठेवलेलं नाव निवडलं. एनलाइटमध्ये विंडोजचे नको असलेले भाग काढून टाकायचीही सोय आहे. माझं मत विचाराल तर तिकडे फिरकू नका. काय काढलं आणि त्याने काय बंद पडलं याचा माग काढणं हे स्वतंत्रच काम होऊन बसतं.

पहिली सीडी फाइल कॉपीच्या टप्प्यावर अडली. एक फाइल वाचता येईना, पुन्हा प्रयत्न करा हा पर्यायही चालेना. सीडी ड्राइव्ह जुना आहे, जोरात लिहिलेली सीडी त्याला नीट वाचता येत नाही. तीच प्रतिमा सगळ्यात कमी वेगाने लिहिली, लिहून झाल्यावर तपासणी करायचा पर्यायही चालू ठेवला, आणि पुढे एकही फाइल अडली नाही.

शनिवारी सकाळी खऱ्या कामाला बसले. निळा पडदा न येता पार्टिशनची यादी समोर आली, एक टेराबाइट पूर्ण, मी केलेली दोन्ही पार्टिशन जागच्या जागी. फार हायसं वाटलं. या पडद्यावर हात आवरा. डी दाबून पार्टिशन काढलं आणि सी दाबून नवं केलं की एक्सपी पुन्हा ६३ वर जातं आणि आधीची मेहनत वाया. पहिल्या पार्टिशनवर पट्टी नेऊन फक्त एंटर दाबायचा. पुढे फॉरमॅटचे पर्याय येतात. क्विक न निवडता पूर्ण फॉरमॅट निवडला, कारण त्यात खराब सेक्टर तपासले जातात आणि नवी डिस्क आहे म्हणून तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं मला वाटत नाही. वीसेक मिनिटं गेली. फॉरमॅटने पार्टिशनची सुरुवात हलत नाही, ती २०४८ लाच राहते.

कॉपी संपली, संगणक पुन्हा सुरू झाला. सीडीवरून सुरू करायला कळ दाबा अशी ओळ येते तेव्हा काहीही दाबू नका, नाहीतर सेटअप पहिल्यापासून सुरू होतं. याच क्षणी मला सगळ्यात जास्त धाकधूक होती. इथून पुढे विंडोज सीडीवरून नाही, डिस्कवरून उठतं, आणि ड्रायव्हर डिस्कवर नीट गेला नसेल तर ७बी इथेही येतो. विंडोजचं चिन्ह आलं, खालची पट्टी सरकत राहिली आणि मग तो ओळखीचा पडदा: ३९ मिनिटं बाकी. ३४ वर आकडा बराच वेळ थबकतो, त्या वेळी यंत्रांची ओळख पटवणं चालू असतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर थांबा, बटण दाबून बंद करू नका. मधे २५ अक्षरांची प्रॉडक्ट की मागतात. सीडी आणि की एकाच जातीच्या लागतात. संगणकाबरोबर आलेली ओईएम की दुकानातून घेतलेल्या रिटेल सीडीला चालत नाही. हे सगळं सुरू करण्याआधी तपासून ठेवलेलं बरं.

डेस्कटॉप दिसल्यावर सगळ्यात आधी स्टार्ट, रन, एमएसइन्फो३२. त्यात कॉम्पोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स असं उघडलं की 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' दिसतो. तिथे १०,४८,५७६ बाइट होते. ३२,२५६ दिसला असता तर पार्टिशन ६३ वर आहे असं समजायचं. ते नंतर सरकवणारी साधनं आहेत, पण रिकाम्या डिस्कवर पुन्हा सुरुवात करणं जास्त सुरक्षित.

बाकीचे ड्रायव्हर पटापट झाले: आधी चिपसेट, मग ग्राफिक्स. स्कझी कार्ड एक्सपीने आपणहून ओळखलं. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला स्कझी कार्डाशी बोलायला एएसपीआय नावाचा थर लागतो, तो एक्सपीसोबत येत नाही, पण स्कॅनरच्याच सीडीत होता. स्कझी साखळीच्या टोकाला टर्मिनेटर आहे ना ते पाहा आणि स्कॅनर संगणकाच्या आधी चालू करा, नाहीतर तो यादीत येतच नाही. ॲक्टिव्हेशनला ३० दिवसांची मुदत असते. कार्डं वगैरे सगळी जागेवर बसेपर्यंत मी ते केलं नाही, कारण त्यानंतर बरेच भाग बदलले तर ते पुन्हा मागितलं जाऊ शकतं.

या संगणकाला नेटवर्कची केबल जोडायची नाही हे आधीच ठरलेलं होतं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हापासून नव्याने सापडलेल्या भोकांना ठिगळं लागत नाहीत. फाइल्स पेन ड्राइव्हने जातात. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये ठेवा, एक्सफॅट वाचायला एक्सपीला वेगळं अपडेट लागतं. ४,००० डीपीआयला १६ बिटांत स्कॅन केलेली ३५ मिलिमीटरची एक फ्रेम सव्वाशे एमबीच्या आसपास होते, त्यामुळे एफएटी३२ ची चार जीबीची मर्यादा आडवी येत नाही.

पहिली पट्टी स्कॅन केली तेव्हा जुन्या डिस्कवरच्या कामाशी वेळ ताडून पाहिली. स्कॅन व्हायला तितकाच वेळ लागतो, तो स्कॅनरचा वेग आहे. पण स्कॅन झालेली फ्रेम डिस्कवर जाताना पूर्वी खिडकी पांढरी पडायची, ते आता होत नाही.

सगळं मार्गी लागल्यावर क्लोनझिला या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कची प्रतिमा काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली, आणि ती दुसऱ्या एका रिकाम्या डिस्कवर उतरवून संगणक त्यावरून उठतो की नाही तेही पाहिलं. तुम्ही अशी प्रतिमा काढाल तेव्हा एकट्या पार्टिशनची न काढता पूर्ण डिस्कची काढा, म्हणजे एमबीआर आणि २०४८ ची सुरुवात दोन्ही सोबत येतात. उतरवल्यावर एमएसइन्फो३२ मधला ऑफसेट पुन्हा एकदा बघून घ्या. मिसळलेल्या सीडीची प्रतिमा, ड्रायव्हरचं फोल्डर, तो ८०८६:२९२२ लिहिलेला कागद आणि प्रॉडक्ट की हेही त्याच बाहेरच्या डिस्कसोबत ठेवा. पुढची डिस्क बदलायची वेळ येईल तेव्हा तयारीचा सगळा भाग वाचेल आणि काम एका दुपारीत होईल.